यदुराजाचा प्रश्न

भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला एक तरुण अवधूत भेटतो. घर नाही, धन नाही, पाठीशी कुणी नाही; तरी मुद्रा प्रसन्न. राजा चकित होतो. कामलोभाच्या वणव्यात सारं जग होरपळत असताना हा माणूस गंगेच्या पाण्यात उभ्या असलेल्या हत्तीसारखा शांत कसा, असं तो विचारतो. राजाला सिद्धी नको आहेत, मोक्षाची व्याख्याही नको आहे. पोळणाऱ्या जगात न पोळता राहायचं कसं, एवढंच त्याला जाणून घ्यायचं आहे.

अवधूत त्याला आपल्या चोवीस गुरूंची नावं सांगतो. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य आणि समुद्र. कबुतर, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरिण, मासा, कुरर पक्षी, साप, कोळी आणि कुंभारीण माशी. माणसं फक्त पाच: मध काढून नेणारा, पिंगला नावाची गणिका, एक लहान मूल, एक कुमारिका आणि बाण घडवणारा कारागीर. चोवीसांतले एकोणीस गुरू माणसं नाहीत. ते उपदेश करत नाहीत, दीक्षा देत नाहीत. शिकण्याचा सगळा भार पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर आहे.

महाराष्ट्राने हा अवधूत म्हणजे दत्तात्रेयच मानला. एकनाथांनी या एकाच स्कंधावर विस्तृत मराठी टीका लिहिली आणि ती १५७३ साली काशीत पूर्ण केली. एकनाथी भागवताची पारायणं आजही होतात, त्यामुळे चोवीस गुरूंची गोष्ट अनेक मराठी घरांत लहानपणीच कानावर पडते. तिचा अर्थ बहुधा वैराग्याचा लावला जातो: आसक्ती सोड, साठवू नकोस, जिभेच्या आहारी जाऊ नकोस. हा अर्थ बरोबरच आहे. पण त्याआधीची एक पायरी सहसा नजरेतून सुटते. अवधूताने हे सगळं बारकाईने निरखलं आहे. मधमाशी लहानमोठ्या सगळ्या फुलांतून थोडं थोडं घेते. कुररीच्या चोचीत मांसाचा तुकडा असेपर्यंत इतर पक्षी तिच्यावर तुटून पडतात आणि तो टाकताच तिला सोडून देतात. पृथ्वीला किती तुडवलं, खणलं तरी ती आपला क्रम सोडत नाही. हे तत्त्वज्ञान आधी डोळ्यांनी केलेलं आहे आणि त्यातला पहिला धडा सहनशक्तीचा आहे.

इथेच एक शंका उभी राहते. घरात मृत्यू झालाय, नोकरी गेलीय, आजाराने माणूस अंथरुणाला खिळलाय. अशा वेळी गुलमोहर फुलला म्हणून काय बदलतं? गुलमोहराला कुणाच्या दुःखाची खबर नसते. सुतकातल्या घरासमोरही तो तितकाच लालभडक फुलतो. मग त्याच्याकडे पाहून मिळणारा धीर खरा, की घटकाभराची भूल? भाविक म्हणेल, खरा. कारण फुलात देव आहे. नास्तिक म्हणेल, भूल; पण निरुपद्रवी. दोन्ही उत्तरं फार लवकर येतात. ती तपासायची तर ज्यांच्याजवळ पाहण्यापलीकडे फारसं काही उरलेलं नव्हतं, अशा माणसांकडे जावं लागेल. म्हणजे कैद्यांकडे आणि रुग्णांकडे.

काका कालेलकरांचा जन्म १८८५ साली साताऱ्यात झाला. घरची भाषा मराठी. पण गांधीजींच्या सहवासात त्यांनी गुजराती आपलीशी केली आणि त्या भाषेतले थोर गद्यकार ठरले. १९२३ साली ते साबरमतीच्या तुरुंगात होते. त्या दिवसांवर त्यांनी ‘ओतराती दीवालो’, म्हणजे उत्तरेकडच्या भिंती, हे छोटंसं पुस्तक लिहिलं. राजकीय कैद्याच्या पुस्तकाकडून वाचकाची एक ठरलेली अपेक्षा असते: छळाची हकिगत, सरकारवरचे आरोप, निर्धाराची भाषा. या पुस्तकात मात्र मुंग्या आहेत, खारी आहेत, कावळे, मांजरं, माकडं आणि झाडं आहेत. कालेलकर त्यांच्याकडे करमणूक म्हणून पाहत नाहीत. शेजाऱ्यांची विचारपूस करावी तशा आपुलकीने ते त्यांचे स्वभाव टिपतात.

तुरुंगाची शिक्षा केवळ भिंतींची नसते. कोठडी, क्रमांक, उरलेली मुदत एवढ्यावरच मन घिरट्या घालू लागतं आणि हळूहळू माणसाच्या जगात तो स्वतः सोडून कुणीच राहत नाही. भिंतीवरून चाललेली मुंग्यांची रांग हे वर्तुळ मोडते. तिला कुणी शिक्षा ठोठावलेली नसते. तिची घाई, तिची अडचण, तिचा उद्योग वेगळा असतो. तिच्यामागे डोळे नेणारा कैदी तेवढ्या वेळापुरता कैदी राहत नाही. तो पाहणारा होतो. भिंती जागच्या जागीच असतात. त्यांच्या आतलं जग मात्र एका माणसाहून मोठं होतं.

नऊ वर्षांनी, २१ फेब्रुवारी १९३२ रोजी, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर बोलायला सुरुवात केली. दर रविवारी एक अध्याय. श्रोते म्हणजे बरोबरचे कैदी, आणि त्यांच्यातले साने गुरुजी ते भराभर लिहून घेत. त्यातूनच ‘गीताप्रवचने’ हे पुस्तक तयार झालं. २४ एप्रिलच्या रविवारी दहावा अध्याय आला, विभूतियोगाचा.

या अध्यायाची जागा लक्षात घ्यायला हवी. गीता सुरू होते ती खचलेल्या माणसापासून. हातपाय गळाले आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, धनुष्य हातातून निसटतं आहे. तोच अर्जुन दहाव्या अध्यायात विचारतो की, तुझं चिंतन मी कोणकोणत्या रूपांत करू? दोन सैन्यांच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाने हा प्रश्न विचारावा आणि उत्तरात पिंपळ यावा, मार्गशीर्ष यावा, वसंत ऋतू, सागर आणि हिमालय यावेत, ही योजना सहज झालेली नाही. विषादाने अर्जुनाची नजर आत वळून तिथेच अडकली होती. कृष्ण ती बाहेर काढतो आणि एकेका ठिकाणी टेकवतो. युद्ध टळत नाही, समोरचे आप्तही हटत नाहीत. पाहणारा मात्र पुन्हा पाहू लागतो.

विनोबांनी हा अध्याय उलगडताना शाळेतल्या बालपोथीचा दाखला दिला. मुलाला आधी मोठी, सोपी अक्षरं शिकवतात, जोडाक्षरं नंतर. परमेश्वर ओळखण्याचीही तीच रीत. आई, संत, लहान मूल ही सोपी अक्षरं. मग सूर्य, नद्या, वारा अशी सृष्टी. मग पशुपक्षी. आणि सगळ्यांत अवघड जोडाक्षर म्हणजे दुर्जन. त्याच्यातही तोच परमेश्वर वाचता आला पाहिजे. या क्रमाचं मोल फार मोठं आहे. निसर्गाचं सौंदर्य हा त्यात मुक्काम नाही, इयत्ता आहे. उगवत्या सूर्यासमोर हात जोडणं सोपं. तिथे तयार झालेली नजर पुढे माणसांकडे, त्यांच्यातल्या नकोशा माणसांकडेसुद्धा वळायची आहे. ऐकणारे सगळे बंदिवान होते आणि त्यांना डांबणारे पहारेकरी हाकेच्या अंतरावर होते, हे ध्यानात घेतलं की त्या शेवटच्या जोडाक्षराचं वजन कळतं.

त्याच एप्रिलमध्ये पुण्याच्या येरवडा तुरुंगात बासष्ट वर्षांचे गांधीजी आकाशातले तारे ओळखायला शिकत होते. वल्लभभाई पटेल आणि महादेवभाई देसाई त्यांच्याबरोबर होते. ही गोडी लावण्यात कालेलकरांचा मोठा हात होता. १९३० साली ते दोघे येरवड्यातच एकत्र होते. साबरमतीच्या आश्रमवासीयांनाही गांधीजींनी पत्रातून आकाश पाहण्याचा आग्रह केला. देशाचा लढा ऐन भरात असताना नेता नक्षत्रं पाहतो, यात त्यांना विसंगती वाटली नाही.

या तिन्ही तुरुंगांतून एकच उत्तर पुढे येतं. दुःख माणसाला स्वतःभोवती आवळत नेतं. जी गोष्ट त्याच्यापासून पूर्ण वेगळी आहे, त्याच्या असण्यानसण्याने जिला काही फरक पडत नाही, ती लक्षपूर्वक पाहिली की हा विळखा सैल होतो. गुलमोहराची बेपर्वाई ज्या शंकेत त्याच्या विरोधात मांडली होती, तीच त्याची खरी मदत आहे. तो आपल्या दुःखात सामील झाला असता तर जगात आपल्या दुःखापलीकडे काही उरलंच नसतं.

ब्रिटिश कादंबरीकार आणि तत्त्वज्ञ आयरिस मर्डॉक यांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द सॉव्हरिन्टी ऑफ गुड’ या पुस्तकात हाच विचार नीतिशास्त्राच्या अंगाने मांडला. खिडकीपाशी बसलेल्या, कुठल्यातरी अपमानाच्या विचाराने धुमसणाऱ्या माणसाचं उदाहरण त्यांनी घेतलं. अचानक हवेत तरंगणारा एक लहान शिकारी पक्षी त्याच्या दृष्टीस पडतो. क्षणभर त्या पक्ष्याशिवाय काही उरत नाही. आणि मन परत अपमानाकडे वळतं तेव्हा तो पूर्वीइतका मोठा वाटत नाही. मर्डॉक ईश्वर मानत नव्हत्या. तरी स्वतःला बाजूला सारून समोरचं जसं आहे तसं पाहणं हाच सदाचाराचा पाया आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्ताने रसास्वादातली सात विघ्नं सांगितली, त्यांतलं एक म्हणजे प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेलं असणं. तो नाटकाबद्दल बोलत होता. ‘मी’ आणि ‘माझं’ थोडं मागे सरल्याखेरीज रस हाती लागत नाही, हा त्याचा विचार मात्र रंगमंचाबाहेरही लागू पडतो. मर्डॉक सौंदर्यापासून सुरुवात करून ‘मी’ विरघळण्याकडे जातात. अभिनवगुप्त ‘मी’ विरघळल्यावर सौंदर्य कसं उलगडतं ते सांगतो. रस्ता एकच आहे, फक्त दोन टोकांकडून पाहिलेला.

अलीकडे मानसशास्त्रज्ञही या रस्त्यावर आले आहेत. २०१५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात ३८ जणांचे दोन गट करून एकाला दीड तास गवताळ, झाडांच्या परिसरात आणि दुसऱ्याला वाहनांच्या वर्दळीतल्या रस्त्याने चालायला लावलं. पहिल्या गटात स्वतःविषयीचे कडवट विचार पुन्हा पुन्हा उगाळण्याचं प्रमाण कमी झालं, दुसऱ्यात झालं नाही. २०२० साली सॅन फ्रान्सिस्कोत व्हर्जिनिया स्टर्म आणि सहकाऱ्यांनी वयस्कर लोकांना आठ आठवडे, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं फिरायला सांगितलं. एका गटाला जास्तीची सूचना होती: चालताना आश्चर्य वाटेल असं काही शोधा, ताज्या नजरेने पाहा. सगळ्यांनी वाटेत स्वतःचे फोटो काढायचे होते. जसजसे आठवडे गेले तसतसं या गटातल्या लोकांच्या फोटोंत त्यांचा स्वतःचा आकार लहान होत गेला, भोवतालचा परिसर जास्त जागा व्यापू लागला आणि हसू रुंदावलं. असे प्रयोग लहान असतात, त्यांच्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण फोटोतली ती बदलती चौकट मर्डॉक आणि अभिनवगुप्त दोघांनाही ओळखीची वाटली असती.

पाहणं हे केवळ नजर टाकणं नव्हे, हे कळायला जपानी कवी मासाओका शिकीकडे जावं लागतं. १८६७ सालचा त्याचा जन्म. हायकूला नवं रूप देणारा हा कवी मणक्याच्या क्षयाने अंथरुणाला खिळला. तोक्योच्या नेगिशी भागातल्या त्याच्या घराला १८९९ च्या डिसेंबरात काचेचं दार बसवलं गेलं. पडल्या पडल्या बाग दिसू लागली. वेदना असह्य होत्या. १९०१ च्या शरदात आयुष्य संपवावं असा विचार मनात दाटून आल्याचं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्या खोलीतली काळोखी लपवायची गरज त्याला वाटली नाही.

आणि तरी १९०२ च्या उन्हाळ्यात, वेदनाशामक मॉर्फिनच्या आधाराने, तो उशाशी ठेवलेल्या फुलांची आणि फळांची चित्रं रंगवत होता. समोर दिसतं तसं टिपायचं, अलंकार चढवायचे नाहीत, ही त्याची कवितेतली शिस्त होती; चित्रातही त्याने ती पाळली. पाकळी नेमकी कुठे दुमडते आणि तिथे रंग कसा बदलतो हे पाहणाऱ्या मनाला तेवढा वेळ दुसरं काही पाहायला सवड नसते. त्या वर्षी तो वर्तमानपत्रात रोजचे छोटे लेख लिहीत होता. त्यांतल्या एका लेखात त्याने म्हटलं की, कोणत्याही परिस्थितीत शांतपणे मरता येणं म्हणजे आत्मज्ञान, अशी आपली समजूत होती. प्रत्यक्षात कोणत्याही परिस्थितीत शांतपणे जगता येणं म्हणजे आत्मज्ञान. बागेत, त्याच्या खोलीसमोर, घोसाळ्याचा वेल होता. मृत्यूच्या आदल्या दिवशी लिहिलेल्या त्याच्या शेवटच्या तीन हायकू त्या घोसाळ्यावर आहेत. १९ सप्टेंबर १९०२ रोजी तो गेला, तेव्हा त्याला पस्तिसावं वर्षही पूर्ण झालेलं नव्हतं. ज्या काव्यप्रकाराला त्याने नवा प्राण दिला, तो पुढे शिरीष पै यांच्यामुळे मराठीत रुजला.

मराठीत या दृष्टीचं सर्वांत श्रीमंत पुस्तक म्हणजे दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’, १९५६ सालचं. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका महिन्यावर एकेक लेख. दुर्गाबाई मुंबईत राहत होत्या. तरुणपणी मध्य प्रदेशात आदिवासींमध्ये संशोधन करताना त्यांना विषबाधा झाली, कित्येक वर्षं अंथरुणात काढावी लागली आणि पीएच.डी.चं काम सुटलं. त्यानंतरच्या आयुष्यात त्यांनी जे लिहिलं त्यात तक्रारीचा सूर शोधून सापडत नाही. ‘ऋतुचक्र’ वाचणाऱ्याला जाणवते ती अफाट भूक, पानं, रंग, वास, आकाश यांची. वसंत सुंदर असतो हे कुणीही सांगेल; दुर्गाबाई उन्हाने रापलेल्या आणि पानं झडलेल्या महिन्यांतही पाहण्याजोगं काय असतं ते दाखवतात. सगळं वर्ष पाहायचं ठरवलं की आवडत्या ऋतूपुरतं प्रेम पुरत नाही.

आता आक्षेप. पहिला भुकेचा. सौंदर्य ही पोट भरलेल्यांची चैन, असं म्हटलं जातं. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. देहूच्या तुकोबांचा व्यापार बुडाला, पहिली बायको अन्नान्न करत गेली, मुलगाही गेला. त्या काळात ते भामनाथाच्या डोंगरावर जाऊन राहिले. झाडं-पाखरांना गणगोत मानणारा त्यांचा अभंग आज सहलीच्या पत्रिकेवरही छापला जातो. पण तो लिहिणाऱ्याने खरं गणगोत गमावलं होतं, हे तेव्हा कुणाच्या मनात नसतं. डोंगराने त्यांची भूक भागवली नाही आणि गेलेली माणसंही परत दिली नाहीत. मात्र परंपरा सांगते की तिथून परतल्यावर त्यांनी लोकांच्या कर्जाच्या खतांतला आपला वाटा इंद्रायणीत बुडवला. दुष्काळाने नागवलेल्यांवरचा दावा त्यांनी सोडून दिला. एकांताने ते माणसांपासून तुटले असते तर हे घडलं नसतं.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. फुलं पाहणारा अन्यायाकडे पाठ फिरवतो. याचं उत्तर रोझा लक्झेंबर्ग देते. युद्धाला विरोध केल्याबद्दल जर्मन सरकारने या क्रांतिकारक स्त्रीला तुरुंगात ठेवलं; आधी बर्लिनला, मग व्रोंके इथे, शेवटी ब्रेस्लाऊला. १९१३ पासून ती वाळवलेल्या वनस्पतींच्या वह्या करत होती, तो क्रम तिने कोठडीतही चालू ठेवला. मैत्रीण सोफी लीबक्नेश्टला लिहिलेली तिची पत्रं पक्षी, किडे, ढग, कळ्या यांनी भरलेली आहेत. मे १९१७ मधल्या पत्रात जर्मनीतले गाणारे पक्षी का कमी होत आहेत, याबद्दल वाचलेलं ती दुःखाने सांगते: आखीवरेखीव शेती आणि वनव्यवस्थेने त्यांच्या घरट्यांच्या जागा हिरावल्या आहेत. लगेच तिला अमेरिकेतले मूळ रहिवासी आठवतात, ज्यांना असंच त्यांच्या भूमीवरून हुसकावलं गेलं. डिसेंबर १९१७ मध्ये तुरुंगाच्या अंगणात लष्करी गाडीला जुंपलेल्या रुमानियातल्या म्हशींना एक सैनिक रक्त निघेपर्यंत मारताना तिने पाहिलं, आणि त्यावर लिहिलेलं पत्र तिच्या साऱ्या लेखनात अविस्मरणीय ठरलं. पाखराचं गाणं टिपणाऱ्या कानांनीच तिने ती मारहाण ऐकली. संवेदना एका दिशेला उघडी आणि दुसऱ्या दिशेला बंद, असं होत नाही.

दुर्गाबाईंचीही गोष्ट अशीच. १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी आणीबाणीविरुद्ध आवाज उठवला आणि पुढच्या वर्षी तुरुंगवास पत्करला. ‘ऋतुचक्र’ लिहिणारी बाई सत्तेसमोर कणभर वाकली नाही. हा योगायोग मानायचा, की वर्षानुवर्षं समोरचं जसं आहे तसं पाहण्याच्या सवयीने खोटं बोलणं अशक्य करून टाकलं, असं मानायचं? दुसरा पर्याय जास्त पटण्यासारखा आहे.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र नम्र व्हावं लागतं. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांचा शब्दन् शब्द उतरवून घेणारे साने गुरुजी फुलापानांवर, नदीवर, मुलांवर जीव टाकणारे होते. जून १९५० मध्ये त्यांनी स्वतःचं जीवन संपवलं. सृष्टीत परमेश्वर पाहायला शिकवणारा तो अध्याय ज्यांच्या हातून लिहिला गेला, त्यांनाही वेदनेने गाठलं. म्हणून खोल नैराश्यात असलेल्या माणसाला जरा बागेत फिरून ये, बरं वाटेल, असं सांगणं हा त्याच्यावरचा अन्याय आहे. त्याला उपचार हवेत, औषध हवं, रात्री सोबत बसणारं माणूस हवं. निसर्गाचं सौंदर्य यांपैकी कशाचीही जागा घेत नाही. भागवतातला अवधूतही असली फसवी हमी देत नाही. त्याच्या यादीतला पतंग आगीत जळतो, मासा गळाला लागतो, पिलांसाठी विलाप करणारं कबुतर पारध्याच्या जाळ्यात सापडतं. त्याने गुरू निवडताना सृष्टीतलं मरण वगळलं नाही.

मग यदुराजाला मिळालेलं उत्तर कितपत खरं? ते खरं आहे, पण त्याची मर्यादा ओळखूनच. पिंपळाची पालवी किंवा रात्रीचं आकाश दुःख नाहीसं करत नाही. दुःखाशेजारी ते आणखी एक सत्य ठेवतं आणि मनाला एकापेक्षा जास्त सत्यं पेलण्याची ताकद हळूहळू येऊ लागते. ही ताकद संकटाच्या दिवशी आयती मिळत नाही. कालेलकर तुरुंगात जाण्यापूर्वी हिमालय पायी फिरले होते, रोझाने कोठडीत जाण्यापूर्वी वह्या सुरू केल्या होत्या, शिकीने अंथरुणाला खिळण्यापूर्वीच पाहण्याची शिस्त घडवायला घेतली होती. त्या अर्थाने ही साधना आहे आणि नामस्मरणासारखीच ती बऱ्या दिवसांत करायची असते.

साधनेला मात्र समोर काहीतरी असावं लागतं. रॉजर उलरिच यांनी १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या त्यांनी २३ जोड्या लावल्या. वय, लिंग आणि इतर बाबी शक्य तितक्या सारख्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणाऱ्यांचा मुक्काम सरासरी ७.९६ दिवसांचा झाला, भिंत दिसणाऱ्यांचा ८.७० दिवसांचा. झाडांच्या बाजूच्या रुग्णांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. त्या रुग्णांनी खिडकी निवडली नव्हती. जी खोली रिकामी होती ती मिळाली.

महाराष्ट्रातल्या शहरांतही खिडकी सहसा निवडता येत नाही. कुणाच्या खिडकीत तामण येतो आणि कुणाच्या खिडकीत शेजारच्या इमारतीची मोरी, हे उत्पन्न ठरवतं. अंथरुणाला खिळलेली आजी, परीक्षेत नापास झालेला मुलगा, रात्रपाळीहून परतलेली परिचारिका यांना आधाराची गरज सारखीच असते. विभूतियोगातला पिंपळ सर्वांसाठी असेल, तर तो सर्वांच्या वाटेवर असला पाहिजे. सार्वजनिक रुग्णालयाच्या आवारातलं झाड, पालिकेच्या शाळेचं अंगण, तुरुंगाच्या आतली हिरवळ हे प्रश्न म्हणूनच धर्माचेही आहेत.

राज्यात १९७५ पासून नागरी भागातल्या झाडांच्या जतनाचा कायदा आहे. रस्तारुंदीसाठी एखादं झाड तोडायचं असलं की त्याच्या खोडावर नोटीस लागते आणि नागरिकांकडून हरकती मागवल्या जातात. बहुतेक जण नोटिशीजवळून निघून जातात, कारण त्या झाडाबद्दल लिहिण्यासारखं त्यांच्याजवळ काही नसतं. जो रोज थांबून पाहतो त्याला माहीत असतं की वरच्या वाळक्या फांदीत तांबटाने ढोली कोरली आहे, फेब्रुवारीत पिलांचे आवाज येतात, एप्रिलमध्ये खालच्या चहाच्या टपरीवर सावली पडते आणि दवाखान्यात आलेली माणसं तिथेच टेकतात. हरकतीच्या अर्जावर त्याला हे सगळं लिहिता येतं, तारखेसकट.